टोच, ओढ आणि ढील: बार्बेल आणि चब पकडताना काठीचे टोक कसे वाचावे

ट्रेंट, सेव्हर्न, केनेट किंवा हॅम्पशायर एव्हन यांसारख्या इंग्लंडमधल्या नद्यांत बार्बेल आणि चब हे दोन मासे पुष्कळदा एकाच पट्ट्यात चरतात आणि एकाच आमिषाला तोंड लावतात. आमिष तोंडात घेण्याची त्यांची रीत मात्र इतकी वेगळी आहे की एकाच्या बाबतीत जी हालचाल निर्णायक असते ती दुसऱ्याच्या बाबतीत निव्वळ चाचपणी ठरते. त्यातच प्रवाह, वाहते शेवाळ, बारकी मासळी आणि आमिष तळाशी धरून ठेवणाऱ्या शिशाच्या वजनाचे घसरणे यांमुळेही टोक हलत राहते. टोक हलले रे हलले की हिसका देणारा माणूस बार्बेलच्या थव्याला पळवून लावतो, आणि प्रत्येक टोचेकडे दुर्लक्ष करणारा माणूस चबला आमिष फुकट खाऊ घालतो.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्यावी. काठीचे टोक मासा दाखवत नाही, ते दोरावरचा ताण वाढला की घटला एवढेच दाखवते. म्हणून टोकाच्या पहिल्या हालचालीपेक्षा त्या हालचालीनंतर टोक कुठे येऊन थांबते हे पाहणे अधिक उपयोगाचे असते. टोक पूर्वीच्याच जागी परतले, नव्या जागी स्थिरावले, वाकलेलेच राहिले की स्थिरावतच नाही, या चार शक्यता ओळखता आल्या की निम्मा गोंधळ संपतो.

दोन माशांची दोन तोंडे

बार्बेलचे तोंड खालच्या बाजूला असते आणि त्याच्याभोवती चार मिशा असतात: दोन मुस्कटाच्या टोकाशी, दोन तोंडाच्या कोपऱ्यांशी. वाळू-गोट्यांच्या तळावर डोके खाली झुकवून तो मिशांनी अन्न चाचपतो, ते आत ओढून घेतो, घशातल्या दातांनी चिरडतो आणि पुढे सरकतो. त्याचे खाणे तळालगत आणि सलग चालते. तोंडात आलेली वस्तू घेऊन तो सहसा थांबत नाही, आणि गळाचे टोक टोचून मागे शिशाचे वजन जाणवले की पूर्ण ताकदीने धावतो.

चबचे तोंड मोठे, ओठ जाड आणि पांढरट असतात. घशातले दात त्यालाही असतात आणि ते क्रेफिशचे (गोड्या पाण्यातल्या, नांग्या असलेल्या कवचधारी प्राण्याचे) कवच फोडण्याइतके मजबूत असतात, म्हणून त्याच्या घशात बोट घालणे शहाणपणाचे नाही. पण अनोळखी वस्तू थेट घशापर्यंत नेण्याची त्याला घाई नसते. तो ती ओठांच्या टोकात धरतो, थोडी ओढून पाहतो, सोडतो आणि पुन्हा धरतो. काठीच्या टोकावर चबचा जो ठकठकाट दिसतो तो बहुतेक वेळा हाच असतो, आणि त्या क्षणी गळ माशाच्या तोंडात नसतोच.

पहिले पाऊल: मांडणी अशी करावी की टोक वाचता येईल

टोकाचा कडकपणा (तो औंसांत सांगतात) प्रवाहाप्रमाणे निवडावा. संथ पाण्यात हिवाळी चबसाठी १ औंसाचे मऊ टोक, शक्यतो काचतंतूचे, पुरेसे असते. जोरदार प्रवाहात ३ ते ४ औंसांचे लागते. फार मऊ टोक नुसत्या प्रवाहानेच पूर्ण वाकते आणि पुढे काही सांगण्याची त्याची क्षमता उरत नाही. टोकाला सुरुवातीला हलकासा बाक असावा, म्हणजे ताण वाढला तर ते आणखी वाकेल आणि ताण घटला तर सरळ होईल. दोन्ही दिशांना वाव असणे महत्त्वाचे आहे, कारण नदीत पुष्कळ चांगल्या खुणा टोक सरळ होण्यातूनच मिळतात.

काठीचा कोन नदी ठरवते. ट्रेंटच्या खालच्या भागासारख्या रुंद, वेगवान पाण्यात काठी जवळजवळ उभी ठेवावी, म्हणजे दोराचा कमीत कमी भाग पाण्यात राहतो आणि प्रवाह व कचरा यांचा रेटा कमी बसतो. टीमसारख्या अरुंद, झाडाझुडपांनी वेढलेल्या नदीत काठाजवळ आमिष टाकले असेल तर काठी खाली, पाण्याला समांतर ठेवणे बरे. वाऱ्याने टोक थरथरत नाही आणि मागचे आकाश टाळून गडद पार्श्वभूमीवर ते स्पष्ट दिसते.

शिशाचे वजन हा खरा कळीचा मुद्दा आहे, आणि येथे दोन परस्परविरोधी मार्ग आहेत. पहिल्यात शिसे जेमतेम तळाला टिकेल इतकेच हलके ठेवतात. आमिष टाकल्यावर लगेच दोर ताणून न घेता थोडा ढिला सोडायचा, म्हणजे प्रवाह त्याला कमानीसारखा बाक देतो; पतंग उडवताना मांज्याला पडणारी झोळ ज्याने पाहिली आहे त्याला हा बाक समजावून सांगावा लागत नाही. शिसे आणि प्रवाह यांचा तोल असा साधला की माशाने आमिष जरासे उचलताच शिसे सुटते आणि टोक ठळकपणे हलते. दुसऱ्या मार्गात शिसे मुद्दाम जड ठेवतात, म्हणजे मासा आमिष घेऊन निघताच वजनाला अडून स्वतःच गळाला लागतो. पहिला मार्ग खुणा वाचण्याचा, दुसरा वाचनाची गरजच कमी करण्याचा. बार्बेलसाठी दुसरा बहुधा चालून जातो. चबसाठी मी पहिलाच निवडीन. मार्ग कोणताही असो, दोर तुटल्यास शिसे माशामागे फरफटत न राहता सुटून पडेल अशीच जोडणी असली पाहिजे.

दुसरे पाऊल: मासा येण्याआधी नदी वाचावी

आमिष पडल्यानंतरची पहिली काही मिनिटे केवळ पाहण्यासाठी द्यावीत. प्रत्येक जागेचे स्वतःचे एक स्पंदन असते: भोवऱ्याच्या कडेला टोक ठरावीक अंतराने झुकते आणि परतते, बंधाऱ्याखाली ते सतत बारीक थरथरते, वळणाच्या आतल्या बाजूला ते जवळजवळ स्तब्ध असते. ही लय डोळ्यांत बसली की तिच्यात न बसणारी हालचाल आपोआप उठून दिसते. क्रॉमवेल बंधाऱ्याच्या खाली ट्रेंटवर भरती-ओहोटीचा परिणाम होतो, त्यामुळे तेथे ही लय दिवसभर एकसारखी राहत नाही. पाणी मंदावले की टोक हळूहळू सरळ होते, प्रवाहाने दिशा बदलली तर सगळी मांडणीच बदलावी लागते, आणि या संथ बदलाला मासा समजून नवखे लोक नाहक काठी उचलतात.

तिसरे पाऊल: मासा नसलेल्या हालचाली वजा कराव्यात

वाहते शेवाळ किंवा पाने दोराला अडकली की टोक हळूहळू, न थांबता वाकत जाते आणि वाकलेलेच राहते. कधी शेवटी शिसेच सुटते आणि टोक एकदम उसळून नव्या जागी थांबते. शरद ऋतूत पानगळीचे दिवस आणि खडूच्या प्रदेशातल्या नद्यांवर शेवाळकापणीचे दिवस या दृष्टीने सर्वांत त्रासाचे. त्या काळात काठी उंच धरावी, अंतर कमी करावे आणि दोर वरचेवर साफ करावा.

शिसे नुसते घसरले तर टोक एक धक्का खाऊन किंचित सरळ होते आणि नव्या जागी स्थिर होते. हीच हालचाल मासाही घडवू शकतो, म्हणून तिच्यानंतरचे चार-पाच सेकंद मोलाचे असतात. टोक स्थिर राहिले तर नदीने शिसे हलवले. पुन्हा हलू लागले तर तेथे कोणीतरी आहे.

माशाचे अंग दोराला घासून गेले की टोक मोठ्या, गुळगुळीत चालीने खाली झुकते आणि नेमके पूर्वीच्या जागी परतते. बार्बेलच्या पाठीवरच्या पराचा पहिला काटा कडक आणि दातेरी असतो, त्यात दोर अडकला तर ही ओढ कमालीची खरी वाटते. तिला हिसका देऊ नये. दिला तर गळ माशाच्या अंगात रुततो किंवा सगळा थवा बिथरतो. अशा ओढी वारंवार येत असतील तर त्याचा अर्थ इतकाच की मासे आहेत, पण ते आमिषाच्या आणि आपल्या मध्ये आहेत. पुढचे आमिष थोडे अलीकडे टाकावे, किंवा शिशाच्या वरचे काही फूट दोर तळाशी चिकटून राहील असे पाहावे, त्यासाठी दोरावर थोडी जड पुटी (मळता येणारा वजनदार लगदा) लावली तरी पुरते. केनेटसारख्या स्वच्छ पाण्यात ध्रुवीकृत काचांचा चष्मा लावून पाहिले तर तळाशी कूस बदलणाऱ्या बार्बेलची चमकही दिसते. ती चमक आणि या ओढी एकत्र आल्या तर जागा सोडू नये.

बारकी मासळी टोकाला जलद, बारीक, दिशाहीन थरथर देते. ईलची (सापासारख्या लांब माशाची) टोच त्याहून खरखरीत आणि अनियमित असते. सिग्नल क्रेफिश आमिष पायांनी कुरतडतात, तेव्हा टोक मंद, हट्टी, बारीक हिसक्यांनी हलत राहते आणि कितीही वाट पाहिली तरी पुढे काही होत नाही.

बार्बेल: बहुधा शंकाच उरत नाही

उन्हाळ्यात कोमट, वाहत्या पाण्यात भुकेला बार्बेल आमिष घेतो तेव्हा काठी कमानीसारखी वाकते आणि रीळ ओरडू लागते. यात वाचण्यासारखे काही नसते; काठी शाबूत राहावी एवढेच पाहायचे. म्हणूनच काठी विसाव्यावर ठेवताना रिळाचा मोकळा फेर (ओढ लागताच दोर सुटू देणारी सोय) चालू असावा किंवा ब्रेक सैल असावा, नाहीतर काठी नदीत जाते. हिसक्याची गरज नाही. काठी हातात घ्यावी, हळूच उचलावी आणि वजन जाणवले की झुंज सुरू झाली असे समजावे.

तरी बार्बेल नेहमीच इतका सरळ वागत नाही. भांग-बियांवर चरणारा थवा तळावरून हलतच नाही आणि टोकावर केवळ बारीक टिचक्या दिसतात, कारण मासे जागच्या जागी अन्न चिरडत असतात. वारंवार गळाला लागून शहाण्या झालेल्या माशांचेही असेच. अशा वेळी एकामागून एक दोन घट्ट टिचक्या आणि लगेच सुरू झालेली जड, न सुटणारी ओढ ही खूण विश्वासार्ह असते. थंड पाण्यात, साधारण ७ ते ८ अंश सेल्सिअसच्या खाली, बार्बेल सुस्त होतो आणि त्याची ओढ टोक इंच-दोन इंच वाकवून तेथेच थांबवण्याइतकी मंद होऊ शकते. शेवाळ अडकल्यासारखीच ती दिसते. फरक हा की शेवाळाचा ताण सावकाश चढत जातो, आणि माशाची ओढ एका क्षणी सुरू होते. शंका असेल तर काठी हलकेच उचलून वजन चाचपून पाहावे. शेवाळ निर्जीव येते, बार्बेल डोके हलवतो.

चब: येथे खरे वाचन लागते

चबच्या टोचांचा पहिला नियम असा की वेगवान आणि छोट्या ठोक्यांना हिसका देऊ नये. टोक अर्धा-एक इंच झटकन हलते आणि परतते, पुन्हा हलते. मासा ओठांनी आमिष ओढत असतो. या काळात काठी विसाव्यावर असली तरी हात मुठीवर असावा. हिसका द्यायचा तो टोक सलग, थोडे सावकाश आणि परत न येता पुढे जाऊ लागले तेव्हा. ही ओढ कधी दोन इंचांची, कधी सहा इंचांची असते, पण तिच्यात एक ठामपणा असतो जो ठोक्यांत नसतो.

दुसरा उपाय ढिलीचा. ठोके सुरू झाले की काठीचे टोक हळूच आमिषाच्या दिशेने काही इंच पुढे न्यावे. माशाला ओढताना विरोध जाणवला नाही तर तो बहुधा आमिष पूर्ण आत घेतो आणि वळतो. हे काम हातात धरलेल्या काठीनेच नीट होते. चबसाठी काठी अलार्मवर (दोर हलताच वाजणाऱ्या यंत्रावर) टाकून मागे बसण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. अलार्म वाजेपर्यंत चबने आमिष चाखून टाकलेले असते.

ठोके येत राहतात आणि खरी ओढ येतच नाही, असे झाले तर दोष वाचनात नसून मांडणीत असतो. केसासारख्या धाग्यावर गळापासून दूर लोंबणारी पेलेट (दाबून केलेली खाद्याची कडक गोळी) बार्बेलसाठी उत्तम, पण चब ती ओठांत धरतो आणि गळ बाहेरच राहतो. तेव्हा धागा इतका आखूड करावा की आमिष गळाला टेकेल, किंवा आमिषाचा आकार कमी करावा, किंवा पाव वा चीजची कणीक यांसारखे मऊ आमिष थेट गळावर लावावे, ज्यातून गळाचे टोक सहज बाहेर येते. पेलेटभोवती कणीक लपेटली असेल तर सुरुवातीचे ठोके ती सोलली जात असल्याचे असतात. त्यांना तसेच सोडून द्यावे.

हुकलिंकची, म्हणजे शिसे आणि गळ यांच्यामधल्या दोराच्या तुकड्याची, लांबी हे दुसरे साधन. लांब, ३ ते ४ फुटांच्या हुकलिंकवर मासा आमिष तोंडात घेऊन बराच सरकतो तरी टोकाला पत्ता लागत नाही, आणि तो शिशाच्या दिशेने सरकला तर काहीच दिसत नाही. स्वच्छ पाण्यातल्या सावध बार्बेलसाठी ही लांबी उपयोगी असते, कारण त्याची धाव शेवटी दिसतेच. चबसाठी ती ६ इंचांपर्यंत आखूड केली तर टोच लवकर कळते, पण मासाही शिशाचे वजन लवकर ओळखतो. म्हणून आखूड हुकलिंक आणि हलके शिसे ही जोडी एकत्रच वापरावी.

टोक सरळ झाले तर

आमिष घेऊन मासा वरच्या बाजूला किंवा आपल्याकडे आला तर शिसे सुटते आणि वाकलेले टोक एकदम सरळ होते, दोर लोंबकळतो. नवखा माणूस याला घसरलेले शिसे समजतो आणि पुन्हा स्थिर होण्याची वाट पाहतो. प्रवाहाच्या वरच्या दिशेला आमिष टाकले असेल तर जवळजवळ प्रत्येक चांगली खूण अशीच असते, आणि ती बार्बेलची असो वा चबची, तिच्यावर भरवसा ठेवता येतो. अशा वेळी जागच्या जागी दिलेला छोटा हिसका ढिल्या दोरातच विरतो. ढील भराभर गुंडाळत काठी लांब आणि आडवी मागे न्यावी, आणि वजन लागेपर्यंत थांबू नये.

बोटांनी वाचणे

अंधारात किंवा टोकावर विश्वास बसत नसेल तेव्हा दोर तर्जनीवरून घ्यावा किंवा अंगठा आणि तर्जनी यांच्यात हलके धरावा, आणि काठी आमिषाच्या दिशेने रोखावी. काठी आणि दोर एका रेषेत आले की टोकाचा दाबणारा मऊपणा मध्ये राहत नाही आणि तळाशी जे घडते ते थेट बोटाला कळते. शिसे गोट्यांवरून घसरताना कोरडा खडखडाट जाणवतो, शेवाळात ते मऊ बसते. चबची टोच स्वच्छ टिचकीसारखी येते. बार्बेल आमिष चिरडत असताना पुष्कळदा किरकिरी घासण्याची जाणीव होते, जी टोकावर कधीच दिसली नसती. तिच्यामागून ओढ येते, म्हणून ती जाणवताच काठीवरची पकड घट्ट करावी. थंडीत बोटे बधिर होतात, ही या पद्धतीची खरी मर्यादा.

वाहत्या बोयाने मासेमारी करताना वाचन सोपे असते: बोया बुडाला, अडखळला किंवा वेळेआधी तिरका झाला की हिसका द्यावा, कारण तेथे वाट पाहण्यात काही मिळत नाही आणि तळाला अडकलेला गळ सोडवण्याखेरीज नुकसानही होत नाही.

आमिष परत आले की ते पाहावे

ही सवय फार थोडे लोक लावून घेतात, आणि टोकाचे वाचन बरोबर होते की नाही हे तपासण्याचा तिच्याइतका खात्रीचा मार्ग नाही. बॉइली (उकडून कडक केलेली आमिषाची गोळी) चेपलेली किंवा चिरडलेल्या खुणांसह परत आली तर ती घशातल्या दातांपर्यंत गेली होती, म्हणजे हिसका उशिरा पडला किंवा गळ अडला नाही. कडा खरवडल्यासारख्या आणि आमिष सगळीकडून झिजलेले असेल तर क्रेफिश. पाव पूर्ण नाहीसा आणि गळ स्वच्छ, तर बारकी मासळी किंवा चतुर चब. गळावर खवला आला तर ज्या ओढीला हिसका दिला ती दोराला घासलेल्या अंगाची होती, आणि पुढच्या वेळी तसल्या ओढीला हात आवरावा.

ऋतू आणि प्रकाश

इंग्लंडच्या नद्यांवर या माशांची मासेमारी १५ मार्च ते १५ जून या काळात बंद असते, म्हणून हंगाम १६ जूनला उघडतो तो ऐन उन्हाळ्यात. त्या दिवसांत पाणी स्वच्छ आणि मासे सावध असतात. ठोके अधिक, निर्णायक ओढी कमी. संध्याकाळ झाली की तोच चब धीट होतो आणि दुपारी ज्या ठोक्यांवर वैताग येत होता त्यांच्या जागी सरळ ओढी येतात. अंधारात टोकाला चमकणारी बारीक नळी लावावी आणि तिच्यामागे एखादा स्थिर संदर्भ, फांदी किंवा पलीकडच्या काठावरचा दिवा, ठरवून घ्यावा. नुसता प्रकाशबिंदू पाहत राहिले तर तो स्थिर असतानाही हलल्यासारखा भासतो.

पावसाने नदी गढूळ आणि कोमट झाली की बार्बेल हिवाळ्यातही धावून आमिष घेतो. स्वच्छ, गोठवणाऱ्या पाण्यात मात्र तो जवळजवळ गप्प असतो आणि काम चबवर येते, जो ४ अंशांच्या आसपासही खातो. त्या थंडीत चबची ओढ टोक अर्धा इंच पुढे जाऊन तेथेच थबकण्याइतकी लहान होते, आणि उन्हाळ्यात दुर्लक्ष करण्याजोग्या त्या हालचालीला हिवाळ्यात हिसका द्यावाच लागतो. म्हणून बैठकीच्या सुरुवातीला पाण्याचे तापमान मोजणे केवळ हौसेचे काम नाही. कोणत्या आकाराच्या हालचालीला उत्तर द्यायचे हे त्यावरूनच ठरते. उन्हाळ्यात पाणी २० अंशांच्या वर गेले असेल तर हा प्रश्नच बाजूला ठेवावा, कारण त्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, झुंजीने थकलेला बार्बेल सावरत नाही. एरवीही त्याला सोडताना जाळ्यात, डोके प्रवाहाकडे ठेवून, तो स्वतःहून जोर लावून निघेपर्यंत धरून ठेवावे.